बंधाऱ्यावरचा वाकडा कठडा

१९ जुलै

मुलं आली. वेर्लेनं त्यांना दारात उतरवलं. गाडीचं इंजिन बंद करण्याइतकीही बाईंना सवड नव्हती. माझी मुलगी अँटवर्पच्या बंदरात कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लागेल ते ठरवते, आणि ती एक दिवस नसली तर सगळी जहाजं माघारी चीनला जातील असा तिचा समज आहे. जावई गाळ काढणाऱ्या बोटीवर, सध्या कुठल्याशा आखातात. तो नाताळला उगवेल. म्हणून नात नेले आणि नातू सिबे उन्हाळाभर माझ्याकडे, समुद्रावर. माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की मला कुणी विचारलं नाही. मी नाही म्हटलं असतं असं नव्हे, पण विचारायचं असतं.

निघता निघता खिडकीतून हुकूम आला, "आई, सिबेची पट्टी विसरू नकोस. रोज दुपारी. तो रडला तरी."

"तुलाही मीच वाढवलंय," मी म्हटलं. "तू रडायचीस तेव्हाही मी काही विसरत नव्हते."

सिबे पाच वर्षांचा. त्याचा डावा डोळा आळशी आहे, म्हणून चांगला उजवा डोळा रोज थोडा वेळ चिकटपट्टीनं झाकायचा, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागतं. आमच्या शाळेत सिस्टर लुटगार्ड डावऱ्या मुलींचा हात बाकाला बांधत असत. तेव्हा तो जुलूम होता, आता त्याला उपचार म्हणतात. असो. नेले आठ वर्षांची, आणि तिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. हे कुणाकडून आलं कोण जाणे.

संध्याकाळी कॅमेऱ्यात फिल्म भरली. पंधरा ऑगस्टला मी वेर्लेला मुलांचा एक फोटो देते, चौकटीसकट. सगळा देश मातृदिन मे महिन्यात साजरा करतो. करू दे. आम्ही अँटवर्पचे लोक तो पंधरा ऑगस्टला, मेरीच्या सणाला साजरा करतो, आणि तेच बरोबर आहे.

२२ जुलै

नगरपालिकेनं बंधाऱ्यावर नवा कठडा बसवलाय. वाकडा! नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर बरा वाटतो, पण कॅमेऱ्यातून पाहिलं की मधोमध कुणीतरी पोटात गुद्दा मारल्यासारखा आत गेलेला. माणसाचे डोळे सवयीनं सगळं सुधारून घेतात. कॅमेरा तसं करत नाही. मी जमीनमोजणीच्या कार्यालयात जन्मभर सरळ रेषा ओढल्या आहेत, मला वाकडं कळतं.

मुलांना कठड्यापुढे उभं करून फोटो काढला, म्हणजे पुरावाही होईल. सिबे एका जागी उभा राहील तर शपथ.

"मधे उभा राहा म्हटलं ना? कुठे पळालास?"

"बोम्मा, तो मधेच आहे," नेले म्हणाली. आमच्याकडे आजीला बोम्मा म्हणतात.

"मग आधी नव्हता."

"आधीपण होता."

उलट बोलण्याबद्दल तिला दुपारचं आइस्क्रीम मिळणार नव्हतं. नंतर मिळालं. ऊन फार होतं.

रात्री महापौरांना सविस्तर पत्र लिहिलं. फोटो मागाहून पाठवते असं कळवलं आहे.

२७ जुलै

फोटो धुऊन आले, आणि ते पाहून माझं डोकं फिरलं. कठडा सरळ! एकूणएक फोटोत आखल्यासारखा सरळ. म्हणजे फोटो धुणाऱ्यानं संगणकावर तो सरळ करून दिला. कुणी सांगितलं होतं याला? पोलिसांच्या पुराव्यालाही हा असाच इस्त्री करत असेल. फोनवर म्हणतो, "बाई, आम्ही काहीच बदलत नाही." मी म्हटलं, "तुमच्या आईला असं खोटं बोललेलं चालतं का?" त्यानं फोन ठेवला. शिष्टाचार संपले.

शिवाय दोन्ही मुलांच्या चेहऱ्यावर धुकं. मागचा कठडा, त्यावर बसलेला बगळा, बगळ्याचा पिवळा डोळा, सगळं स्वच्छ. हललीच असणार कार्टी.

२९ जुलै

आज नेलेनं वाळूवर कागदी फुलांचं दुकान मांडलं; इथल्या किनाऱ्यावर मुलं फुलं विकतात आणि किंमत शिंपल्यांत घेतात. आठवडाभर आम्ही तिघं क्रेप कागदाची फुलं करत होतो. माझ्या आजीनं शिकवलेला गुलाब मला अजून झोपेतही करता येतो. सिबेची फुलं कोबीसारखी दिसतात, पण ती आधी खपली, कारण तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "हे सगळ्यात वाईट आहे, याला कुणीच घेणार नाही."

एक ब्रसेल्सची बाई मोठी टोपी घालून आली आणि पिशवीभर गुलाबी शिंपले काउंटरवर ओतले. नेलेनं पाहिलं, आणि सगळे परत पिशवीत भरले.

"बाई, हे शेजारच्या गावात चालतात. आमच्याकडे सुरीसारखे लांब लागतात. आणि न फुटलेले."

"अगं, शिंपला तो शिंपला!"

"मग तिकडेच फुलं घ्या."

मी कागदाआड तोंड लपवून हसले. बाई तणतणत पाण्याच्या कडेला गेल्या, आणि अर्ध्या तासानं बोटं लाल करून ओंजळभर लांब शिंपले घेऊन आल्या. नेलेनं त्यांना माझा सर्वांत मोठा गुलाब दिला. व्यवहार असा असावा.

वाळूचा काउंटर ढासळला तेव्हा तो लिंपताना कॅमेरा सिबेकडे धरायला दिला होता.

३१ जुलै

आता कळलं. आज क्षितिज वाकडं दिसलं. कॅमेऱ्यातून समुद्राची रेघ मधे खचलेली, वर एक जहाज होतं ते त्या खळग्यात अर्धं बुडून गेलं, आणि मी कॅमेरा सरकवला की पलीकडे पुन्हा वर आलं. कठडा वाकडाच आहे, ते वेगळं; पण समुद्र काही नगरपालिकेनं बसवलेला नाही. म्हणजे भिंग हललंय. म्हणजे कॅमेरा पडलाय.

सिबेला समोर उभं केलं.

"तू कॅमेरा पाडलास?"

"नाही."

"वाळूत ठेवलास?"

"नाही. मी पोटाशी धरला होता. असा."

"पाडला असशील तर सांग. खोटं बोलणं हे पाडण्यापेक्षा वाईट."

"नाही पाडला."

माझ्याकडे पाहत राहिला, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आळशी डोळा ताणून माझ्यावर रोखलेला. रडला नाही. मला खोटारड्यांची चीड आहे. हा कॅमेरा माझ्या नवऱ्यानं दिलेला आहे, त्याच्यानंतर मी त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिलेला नाही, आणि एकदा दिला तर हे.

वेर्लेला फोनवर सांगितलं. तिनं फोन सिबेला द्यायला लावला. शनिवारी बंधाऱ्यावर भाड्यानं मिळणाऱ्या, पायटे मारत चालवायच्या चौघांच्या पायगाडीत मधल्या सीटवर बसायचं वचन होतं, ते रद्द झालं. तो फक्त "बरं" म्हणाला. मला वाटलं त्याहून शिक्षा जरा जास्तच झाली, पण ती आई आहे, मी मधे पडत नाही.

२ ऑगस्ट

पायगाडी नाही. सिबे फोटो काढू देत नाही. कॅमेरा वर केला की पाठ फिरवतो. माझ्याकडे त्याच्या पाठीचे बरेच चांगले फोटो जमले आहेत. अगदी आजोबांसारखा हट्टी.

५ ऑगस्ट

किनाऱ्याच्या ट्रामनं ओस्टेंडला गेलो. दुरुस्तीवाला लांबट मानेचा, सभ्य माणूस. भिंग काढलं, तपासलं, पुन्हा बसवलं. दुकानाच्या दारातून समोरच्या छपरांकडे रोखून पाहिलं.

"काही झालेलं नाही, मॅडम. सरळ दिसतंय."

"मला वाकडं दिसतं."

"मला नाही."

"तुम्हाला चष्मा आहे," मी म्हटलं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि कॅमेरा मला परत दिला.

बाहेर आल्यावर कोळंबीची क्रोकेट, म्हणजे तळलेले वडे, खाता खाता नेलेनं विचारलं, "मग सिबेनं पाडला नव्हता ना?"

"या माणसाला दिसलं नाही, एवढंच सिद्ध झालं."

"बोम्मा, तू कधी चुकतेस का गं?"

"एकोणसत्तर साली एकदा. लग्नाच्या टोपीबाबत."

ती हसली. सिबे नाही हसला. त्याच्या क्रोकेटमधली अर्धी कोळंबी त्यानं एका समुद्रपक्ष्याला टाकली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

९ ऑगस्ट

पाऊस. सकाळपासून दोन खोल्यांत तीन माणसं. दवाखाना खेळणं सुरू झालं. नेले डॉक्टर, सिबे तिचा मदतनीस, आणि रोगी दुसरं कोण असणार!

"डोळे आळशी आहेत तुमचे," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "मदतनीस, पट्टी!"

मदतनिसानं त्याच्या डब्यातली पट्टी काढून माझ्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. पट्टीवर ऑक्टोपसचं चित्र. त्याची बोटं फार हलकी होती. चार कडा एकेक करून दाबल्या, जशा मी त्याच्या दाबते.

"आता दुपार संपेपर्यंत काढायची नाही," तो म्हणाला. नऊ दिवसांत माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य.

"आणि मी फोटो कसे काढू?"

"आळशी डोळ्यानं काढ."

मी जन्मभर उजव्या डोळ्यानं पाहून फोटो काढले आहेत, डावा मिटून. कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला तर नाक मधे येतं, हात कुठे ठेवावा कळत नाही. तरी लावला. खिडकी दिसली. खिडकीची चौकट, पलीकडे गच्चीचे गज, त्यापलीकडे बंधारा आणि तो कठडा.

सरळ.

मी म्हटलं डॉक्टरबाई, जरा थांबा. पट्टी काढली आणि डाव्या डोळ्यावर लावली, आणि उजव्यानं, कॅमेऱ्याशिवायच, खिडकीकडे पाहिलं. चौकट खचली. मग सिबेकडे पाहिलं. कान होते. केस होते. मधे, चेहऱ्याच्या जागी, कुणी चहात बोट फिरवावं तसं काहीतरी.

"बोम्मा, मी दिसतो का?"

"दिसतोस."

"मग मी काय करतोय?"

"हसतोयस."

"जीभ काढलीय," नेले म्हणाली.

११ ऑगस्ट

काल लिहिलं नाही. कॅमेरा ठीक आहे, एवढंच लिहिण्यासारखं होतं.

विचार केला तो असा. दुखत नाही. डावा डोळा चांगला आहे. देवानं दोन दिलेत ते कशाला? चार दिवसांवर पंधरा तारीख आहे, डाव्या डोळ्यानं फोटो काढते, वेर्लेला देते, मुलं शाळेला गेली की सप्टेंबरमध्ये आरामात डॉक्टरकडे. आत्ता सांगितलं तर वेर्ले मुलांना उचलून नेईल आणि त्या शिबिरात घालेल, जिथे दिवसभर टायरवर चढवतात आणि दुपारी कोरडा पाव देतात. पुढच्या वर्षी मग "आई, तुला झेपणार नाही." त्याच्या पुढच्या वर्षी मी खुर्चीत, गुडघ्यावर शाल.

हा विचार मला चांगला वाटला. संध्याकाळपर्यंत चांगला वाटला.

सिबेला झोपवताना सांगितलं, "तू कॅमेरा पाडला नव्हतास."

"मला माहितीय."

"मी तुला खोटारडा म्हटलं. ते चुकलं माझं."

आमच्या शाळेत माफी देवाकडे मागायची सवय होती, गुडघे टेकून. माणसाकडे कशी मागतात ते कुणी शिकवलं नाही. मी पलंगाच्या कडेवर बसले होते आणि हात कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं.

"मग आईला सांग," तो म्हणाला.

"सांगते की."

वरच्या पलंगावरून नेलेचा आवाज आला. मला वाटलं ती झोपलीय. "ती विचारेल, मग खराब काय झालंय?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, म्हणून मी दिवा घालवला.

१२ ऑगस्ट

सकाळी सातला फोन केला. त्या वेळी ती बंदरावर पोचलेली असते.

"सिबेनं कॅमेरा पाडला नव्हता. त्याला सांग तसं, आणि पायगाडीत बसव."

"बरं. दुरुस्तीवाला म्हणाला?"

"तो पण म्हणाला."

"तो पण म्हणजे?"

मी तिकडचं हवामान विचारलं. मी कधी हवामान विचारत नाही, हे तिला माहीत आहे.

"आई? काय झालंय?"

"माझा उजवा डोळा वाकडं दाखवतो. मधे काही दिसत नाही. कठड्याचा काही दोष नाही."

"कधीपासून?"

"कठडा बसवल्यापासून."

"आई!"

"ओरडू नकोस, कान चांगले आहेत."

मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर मला जमलं असतं. पण मागे कुणीतरी क्रेनच्या नंबरावरून ओरडत होतं, त्याला तिनं थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "मी निघते."

"तुझी जहाजं?"

"थांबतील."

दुपारच्या आत ती दारात. इंजिन बंद करून. आधी सिबेला उचललं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तो "बरं" म्हणाला, पण त्या दिवसासारखं नव्हे. मग माझ्याकडे वळली. मी म्हटलं, सूप आहे. ती म्हणाली, गाडीत बस.

१३ ऑगस्ट

इस्पितळात चौकटींचा कागद दाखवला, मोजणीच्या नकाशासारखा. मला उजव्या डोळ्यानं मधल्या चौकटी पाण्यात पडलेल्या दिसल्या. डॉक्टर कोवळी पोर होती. म्हणाली, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नको त्या शिरा वाढल्यात आणि झिरपताहेत. डोळ्यात इंजेक्शन देतात, दर महिन्याला. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण उरलेलं राखता येतं. सप्टेंबर संपेस्तोवर थांबला असतात तर राखायला फारसं उरलं नसतं. हे तिनं मला सांगितलं आणि पाहिलं वेर्लेकडे. मला हे अजिबात आवडत नाही. रोगी मी आहे.

डोळ्यात इंजेक्शन. मी म्हटलं, करा. करून झालं. त्याबद्दल लिहिणार नाही.

परत येताना गाडीत वेर्ले म्हणाली, "आई, मुलांना एकटीनं समुद्रावर..."

"नाही नेणार," मी म्हटलं. "डॉक्टर सांगेपर्यंत."

तिनं वाद घालायची तयारी केलेली असावी, कारण तिनं उगाच रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मी खिडकीतून गाई पाहत होते. त्या दिवशी बंधाऱ्यावर सिबे मधे उभा होता आणि मला दिसला नाही; फोकस मागच्या कठड्यावर लागला आणि चेहऱ्यांवर धुकं आलं. मी त्यालाच ओरडले. तो लाटांत असता तरी मधेच असता.

१५ ऑगस्ट

मातृदिन. वेर्ले इथेच आहे, हे गेल्या कित्येक वर्षांत घडलेलं नाही. मुलांनी तिला पलंगावर न्याहारी दिली. अर्धी चादरीला मिळाली. फोटो नाही. रिकामी चौकट मी कपाटात ठेवून दिली.

"काही बिघडत नाही गं," ती म्हणाली.

बिघडतं.

डोळा लाल आहे. सिबे फार जवळ येऊन पाहून गेला.

"दुखलं का?"

"नाही."

"खरं सांग."

"दुखलं. सुई येताना दिसते."

त्यानं विचार केला. "पट्टी काढताना माझ्या भुवया उपटतात," म्हणाला. "मी सांगत नाही."

आज त्याची पट्टी मी कोमट पाण्यानं भिजवून काढली. एवढं साधं, आणि इतके दिवस कुणाच्या डोक्यात आलं नाही. वेर्लेला ऐकवलं. ती म्हणाली, "आई, तुझ्या पण नाही आलं." उद्धट.

१९ ऑगस्ट

वेर्लेनं महिनाअखेरपर्यंत रजा टाकली आहे. जहाजं चीनला गेलेली नाहीत. तिला याचं जरा वाईट वाटलेलं दिसतं.

मला राखण बसवली आहे हे मला कळतं. ती भांडी चुकीच्या कपाटात ठेवते. कॉफी पाण्यासारखी करते. रात्री मुलं झोपली की आम्ही दोघी गच्चीत बसतो आणि ती तिच्या नवऱ्याबद्दल, घराबद्दल, कधी कधी नुसतंच काहीतरी बोलते. ती इतकी बोलते हे मला ठाऊक नव्हतं. फोनवर तर पट्टी आणि औषधं यापलीकडे कधी गेलीच नाही.

महापौरांचं उत्तर आलं. कठडा पुन्हा मोजून पाहतील म्हणे. उद्या त्यांना लिहायला हवं. कसं लिहावं ते ठरत नाही.

२४ ऑगस्ट

ऊन. ओहोटी लांबवर. सगळे वाळूवर. पायगाडी झाली, सिबे मधल्या सीटवर, वेर्ले आणि मी पायटे मारत होतो, नेले मागे उभी राहून हुकूम सोडत होती. चढावर मी दमले आणि ते कबूल केलं नाही.

मग वेर्लेनं पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि दोघांचे हात धरून पाण्यात गेली. ती पाण्यात किंचाळते. लहानपणीही किंचाळायची, घोट्याएवढ्या पाण्यात. मी वाळूवर बसून कॅमेरा पुसत होते आणि तेव्हा लक्षात आलं की इतक्या पंधरा ऑगस्टांच्या इतक्या फोटोंत ती कुठेच नाही. असणार कशी? ती बंदरावर होती. मी तिला तिच्या मुलांशिवाय दुसरं काही दाखवलंच नाही.

उठले. बूट काढले. पाणी घोट्याला लागेपर्यंत गेले, त्यापुढे नाही, वेर्लेला सकाळीच तसा शब्द दिला होता.

कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. नाक आडवं आलं. नेले डावीकडे, सिबे उजवीकडे. कॅमेऱ्याच्या त्या भानगडीनंतर प्रथमच त्यानं पाठ फिरवली नाही. मधोमध माझी मुलगी, केस तोंडावर आलेले, नाक लाल, पँट एका पायावर सुटलेली.

"आई, काढ ना! पाणी बर्फ आहे!"

"थांब," मी म्हटलं. "हा डोळा नवीन आहे. त्याला तुला नीट पाहू दे."